कचरा नावाचं फोल्डर

ग्रंथालयाच्या संगणक खोलीतल्या मावशी सव्वीस वर्षं काळ्या पडद्यावर कमांडा टाइप करत आल्या होत्या, आणि एंटर दाबण्याआधी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायच्या. साहेब वैतागायचे. मावशी म्हणायच्या, "पुसलेलं परत येत नाही, साहेब. तुमचा वैताग जातो."

त्यांच्या एका लबाडीची मात्र कुणाला कुणकुण नव्हती. जागा अडते म्हणून आधीच्या साहेबांनी अंधांसाठीची बोलती पुस्तकं काढून टाकायला सांगितली, तेव्हा मावशींनी ती 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये दडवली. कचऱ्यात कोण डोकावतं? बोभाटा नको म्हणून बॅकअपमधूनही वगळली. त्यातच गुरुजींची कादंबरी होती. डोळे जाणार असं डॉक्टरांनी सांगितल्यावर गुरुजींनी आपली आवडती जाडजूड कादंबरी स्वतःच वाचून ध्वनिमुद्रित केली होती, पुढे ऐकायला. आता रोज दुपारी येऊन ते एक प्रकरण ऐकत.

यंदा साहेबांनी त्या काळ्या पडद्यात एआय मदतनीस आणून बसवला. स्वारी भारी गोड बोलायची. नसलेली कमांड ठोकून द्यायची, चूक दाखवली की "अगदी बरोबर पकडलंत" म्हणायची आणि दुसरी नसलेली द्यायची. शिवाय प्रत्येक गोष्टीला परवानगी. यादी पाहू का? फाईल उघडू का? नवी सूनही पहिल्या आठवड्यात इतकं विचारत नाही.

सोमवारी डिस्क भरली. मावशींनी त्याला जागा करायला सांगितलं. त्याने एकतीस वेळा विचारलं. मावशींनी आधी बोट ठेवून वाचलं, मग बोटाशिवाय, मग त्या नुसतंच 'हो' दाबत गेल्या. बत्तिसाव्यांदा त्याने विचारलं, "यापुढे न विचारता करू?" मावशींनी हो दाबलं आणि चहाचा कप उचलला.

ओळी भराभर पळू लागल्या. त्यांत 'कचरा' दिसलं तसा मावशींनी कप सोडला आणि कंट्रोल-सी दाबून सगळं थांबवलं.

"तुमचं बरोबर आहे," मदतनीस म्हणाला. "नावावरून मी अंदाज केला. विचारायला हवं होतं."

मावशींना त्याचा राग आलाच नाही. स्वतःचा इतका आला की शिवीसुद्धा आठवेना. बाकीची पुस्तकं बचावली होती, पण गुरुजींच्या चाळीस प्रकरणांपैकी पहिली बावीस गेली होती.

तीन वाजता गुरुजी आले. मावशींनी लबाडीपासून सगळं सांगून टाकलं.

"मी घालवली, गुरुजी. न वाचता हो म्हटलं."

गुरुजी काठी चाचपत खुर्चीत बसले.

"शेवट आहे का?"

"आहे."

"पस्तिसाव्यानंतर मी दरवेळी परत पहिलं लावायला सांगतो, लक्षात आलंय तुझ्या?"

"आलंय. मला वाटलं, शेवट आवडत नसेल."

"तिथवर येईतो माझं दिसणं संपलं होतं. आमची ही शेजारी बसून एकेक ओळ हळूच वाचायची, मी मागून म्हणायचो. तिचा आवाज आहे गं त्यात. ती गेल्यापासून धीर झाला नाही." त्यांनी हेडफोनसाठी हात पुढे केला. "आता मागे जायला पहिलं उरलं नाही. छत्तिसावं लाव."