टॉवरच्या मागं, दोन गल्ल्या सोडून

मुंबईत समाजकार्याच्या एमएला माझा नंबर लागला होता आणि 'येते' की 'येत नाही' हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पप्पा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. "बघू," म्हणायचे आणि शेंद्र्याच्या कंपनीत ड्युटीवर जायचे. घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही. पुढचं विचारायचं कुणाला? शेवटी मुंबईची शनिवारची दोन तिकिटं काढली. म्हटलं, एकदा पप्पांना उंच टॉवरवरून अख्खं शहर दाखवू, म्हणजे त्यांची भीती जाईल.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळची गाडी घ्या, रिझर्वेशन आधीच करा. मम्मीच्या दशम्या मनमाडच्या आतच संपल्या. इगतपुरीला वडापाव घेतला. पप्पा खिडकीबाहेर बघत होते, मी पप्पांकडे. माझा पाय सारखा हलत होता. समोरच्या काकू म्हणाल्या, "बाई, गाडी चालूच आहे, तू नको ढकलू."

दादरला उतरून टॉवरपर्यंत टॅक्सी केली. वरच्या गॅलरीचं तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून काढा. दारात महाग पडतं. डबा खाली जमा करतात. लिफ्टमध्ये कान बंद झाले तर आवंढा गिळा.

वर एका बाजूला समुद्र, दुसरीकडे इमारतींमागे इमारती, पार धुरकट होईपर्यंत. मी या काचेकडून त्या काचेकडे पळत होते. पप्पा काचेपासून दोन हात मागे उभे.

"तुझं हॉस्टेल कुठंय?"

मी अंदाजाने बोट दाखवलं.

"जवळ टाकी कोणती?"

आमच्याकडे पत्ता पाण्याच्या टाकीपासून सुरू होतो. नळाला पाणी कधी येणार, हे विचारता विचारता सगळ्यांना टाक्या पाठ होतात. पप्पांनी तिथल्या गार्डलाच विचारलं, "भाऊ, इकडच्या टाक्या कुठं हायेत?"

गार्ड हसला. "काका, इथे प्रत्येक बिल्डिंगवर टाकी आहे. बसा मोजत!"

पप्पा हसले नाहीत. "मग ह्याच्यात हिला कुठं शोधायचं?" ते माझ्याकडे न बघताच म्हणाले.

जे दाखवून त्यांना पटवायचं होतं, त्यानेच घात केला. खाली उतरताना 'येत नाही' हे कसं लिहायचं, ते वाक्यही मनात जुळवून टाकलं.

डबा परत घेताना पप्पा म्हणाले, "चल, हॉस्टेल बघू. टॅक्सी नको, पायी."

मेडिकल, शाळा, इस्त्रीवाला. प्रत्येक वळणावर ते थांबून मागे बघत. मला वाटलं, दमलेत. हॉस्टेलच्या फाटकाशी पुन्हा वळले आणि मान वर करून उभे राहिले. इमारतींच्या डोक्यावर टॉवरचं टोक दिसत होतं.

"इथूनबी दिसतंय की," पप्पा म्हणाले. मग फाटकावरच्या मावशींना विचारलं, "त्याच्यावर रातच्याला लाइट असतो का?"

"लाल दिवा असतो ना. सकाळपर्यंत."

पप्पांनी नुसती मान हलवली. रात्री दादरच्या लॉजवरही विषय काढला नाही. मी या कुशीवरून त्या कुशीवर.

रविवारी मुकुंदवाडीत घरी पोचलो, तर शेजारच्या मामी दारातच. "पोरगी मुंबईला जाणार म्हणं? राहणार कुठं तिथं?"

मी पप्पांकडे बघितलं.

"लई सोपं हाय," पप्पा म्हणाले. "टॉवरच्या मागं, दोन गल्ल्या सोडून."

सोमवारी उजाडताच मी 'येते' असं कळवून टाकलं. वाटलं होतं, आता जीव थाऱ्यावर येईल. नाही आला. बॅग भरते, उपसते, परत भरते. त्या उंचीवरून काय काय दिसलं, हे मैत्रिणी विचारतात तेव्हा समुद्राचंच सांगते. पण मला आठवतात ते वळणावळणावर मागे बघणारे पप्पा.

काल संध्याकाळी गच्चीवर गेले, तर ते आधीच तिथे होते.

"आपली टाकी नीट बघून घे," म्हणाले. "परत येताना लागंल."