लाल फुली

निंबाअप्पा गायत्रीला किती ओळखत होते? फारच थोडं. सुरतेत उधन्याच्या त्यांच्या चाळीत ती वरच्या खोलीत दोन वर्षं राहिली. पर्वत पाटियाच्या साडीवाल्याकडे कॅटलॉग करायची. गाव बहुधा पारोळ्याकडचं. तेही अप्पांनी कधी नीट विचारलं नाही.

चाळीजवळची मराठी शाळा रुळांपलीकडच्या शाळेत विलीन करायचं ठरत होतं. महापालिकेच्या शिक्षण साहेबांनी पालकांच्या शाळा बचाव समितीला दहा मिनिटं दिली होती, पण आधी चाळीस पालकांच्या सह्या हव्या होत्या. समितीचे अध्यक्ष म्हणून अप्पांनी चौदा पानी अर्ज लिहिला. गायत्रीने तो वाचला आणि कॉम्प्युटरवर साहेबांसाठी चार स्लाइड केल्या. पालकांसाठी वेगळ्या करते म्हणाली, पण अप्पांना घाई. त्यांनी त्याच चार स्लाइड पालकांना दाखवायला लावल्या. भिंतीवर शेजारच्या उषाबाईंची चादर टांगली.

नकाशात शाळा होती, आणि ती बंद होणार हे दाखवायला तिच्यावर लाल फुली. बायका एकेक करून उठल्या. उषाबाई जाता जाता म्हणाल्या, "शाळा त बाद व्हई गयी ना. आते कसाले सह्या?"

अप्पांनी कपाळाला हात लावला. मिलमध्ये कापडाच्या खराब ताक्यावर लाल फुली मारतात आणि तो ताका परत येत नाही. चाळीस वर्षं माग चालवून हे त्यांच्याच ध्यानात आलं नव्हतं.

गायत्री रागावली नाही. दुसऱ्या दिवशी घरोघर बसून तिने नुसतं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी चादरीवर एकही अक्षर नव्हतं, नुसते फोटो. चाळीतली पायरी, दप्तर घेतलेली पोरगी, रूळ, आणि उभ्या मालगाडीच्या चाकाशेजारी ती पोरगी: चाक तिच्या छातीपर्यंत. उषाबाईंनी पहिली सही केली. त्रेपन्न झाल्या.

साहेबांपुढे मात्र त्याच जुन्या चार स्लाइड, फक्त फुली पुसलेली. अप्पांनी विचारलं, असं का? ती म्हणाली, "साहेबांना आधी मागणी, मग कारण. आयांना आधी पोर, मग मागणी."

साडी विकणाऱ्याला रंग दाखवायचा, विणणाऱ्याला नक्षीचा चौकटींचा कागद. हे तर अप्पांच्या रोजच्या कामातलं. तरी त्या दिवशी ते तिच्याकडे बघतच राहिले, जणू माग पहिल्यांदाच चालताना पाहत होते. साहेबांनी आठ मिनिटांत चारही पाहिल्या आणि शाळा जागेवरच ठेवली.

महिन्याभरात गायत्रीला वडोदऱ्याला नोकरी लागली. रिक्षात बॅग ठेवताना अप्पांना बरंच काही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "डबा घेतलास ना?"

"घेतला अप्पा. उषाबाईंची चादर तेवढी धुऊन, शिवून द्या, खिळ्याचं भोक पडलंय."

"देतो," अप्पा म्हणाले.