नुसता घसा बसलाय, ताई

मेधाचा फोन आला तेव्हा मी सकाळचे डबे भरत होते. ‘काकू, आई गेली,’ एवढंच ती म्हणाली. निर्मलाताई गेल्या. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की हिला कळलं तर नसेल ना? दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

लग्न होऊन मी गाझियाबादला आले, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घर त्यांचं एकटंच. शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, आणि निवृत्त झाल्यावरही शिकवतच राहिल्या, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी. माझी लेक शिंकली की लगेच, ‘हातात नाही गं राणी, कोपरात! आता तोच हात दाराच्या मुठीला लावशील.’ ताप चढायच्या आधीपासूनच माणूस विषाणू वाटत फिरतो, बोलता-हसतानाही ते तोंडातून उडतात, बंद खोलीत तरंगत राहतात, तरण्याला चार दिवस शिंका आणि म्हाताऱ्याच्या थेट छातीत... हे सगळं मला त्यांनीच शिकवलेलं. माहीत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. लेक दोन दिवस तापाने पडलेली, आणि त्या सकाळी माझाही घसा धरला. पण लाडू वळून झालेले, बायकांना बोलावणी गेलेली. गोळी घेतली, कणकण उतरली, साडी नेसले. बाहेर धुरकं, म्हणून खिडक्या घट्ट बंद, आत हीटर. उखाण्यांना नुसता हशा चालला होता. ताई माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

‘घसा बसलाय का गं? ताप नाही ना? असला तर सांग हं, मी आपली घरी जाते. या वयात नको बाई.’

‘छे हो ताई! नुसता घसा बसलाय. प्रदूषण, दुसरं काय. बिल्कुल काही नाही.’

दिल्लीकडे आम्ही सगळेच प्रत्येक खोकला हवेच्या नावावर खपवतो. त्या बसल्या. मी माझ्या हाताने त्यांना लाडू भरवला.

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. फ्लू निघाला, मग न्यूमोनिया, मग ऑक्सिजन... भेटायला आलेले सगळे म्हणत होते, दिल्लीच्या हवेने नेलं. मेधा म्हणाली, ‘आई तर महिनाभर तुमच्या घराखेरीज कुठेच गेली नव्हती.’ आणि मी, निर्लज्ज बाई, म्हणाले, ‘हवाच वाईट आहे गं.’

कुणास ठाऊक, त्या खोलीत आणखीही कुणाला सर्दी असेल. पण त्या आडोशाला मी किती दिवस लपणार? त्यांनी सरळ विचारलं होतं आणि मी सरळ खोटं बोलले.

गेल्या रविवारी वर त्यांच्या घरी गेले आणि मेधाला सगळं सांगून टाकलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आईने तुम्हाला विचारलं होतं?’

‘हो.’

‘म्हणजे तिने तुमच्यावर विश्वास ठेवला, काकू.’

ना आवाज चढवला, ना रडली. चहा टाकायला आत निघून गेली.

मी ताईंच्या खोलीत गेले. त्यांच्या कॉटला अगदी खेटून एक वेताची खुर्ची असते. कुणी आलं की, ‘लांबून काय बोलतेस, जवळ बस,’ म्हणत त्या ती स्वतः ओढून घ्यायच्या. मेधाने ती हलवलेली नाही. चहा येईपर्यंत मी दारातच उभी राहिले.