सुंदरबाईचं वजन

एस.टी.त सुंदरबाई बसली की तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. कंडक्टर एखाद्याला तिकडे बोट दाखवायचा, तो माणूस एकदा बघायचा आणि म्हणायचा, "राहू द्या, उभाच बरा." सुंदरबाई खिडकीबाहेर बघत बसायची. आईबापांनी नाव सुंदर ठेवलं आणि देवानं देह असा दिला, हे बोलणं तिनं लग्नात ऐकलं, सासरी ऐकलं आणि पुढं मनावर घ्यायचं सोडून दिलं.

जळगावात मेहरूणला तिचं घर होतं. नवरा रुपचंद डाळमिलमध्ये मुकादम. मूलबाळ नव्हतं. आळीत कुणाकडे पंगत असली की भरिताची वांगी भाजायला आणि बट्टीचं पीठ मळायला सुंदरबाईला बोलावणं यायचंच. हाताला चव होती तशी जिभेलाही होती आणि ती ते लपवत नसे. चार बायकांत उघड सांगायची, "मला खायला आवडतं. चोरून खाण्यापेक्षा सांगून खाल्लेलं बरं."

तिचा सगळा जीव धाकट्या भावात. आई गेली तेव्हा अभिमन पाच वर्षांचा आणि ही चौदाची. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली. पुढं तो धुळ्याला पाटबंधारे खात्यात कारकून झाला, पण राहायला सोनगीरलाच होता, वडिलांच्या घरात. बायको वच्छला, एक मुलगी. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो बहिणीला न्यायला स्वतः जळगावला यायचा आणि सुंदरबाई चार दिवस माहेरी राहून यायची.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात अभिमनचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं, उन्हाचा त्रास. मग तोंड सुजलं, उलट्या सुरू झाल्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मुंबईला पाठवलं. मुंबईत कळलं की दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नाशिकला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं आणि घरातलं कुणी किडनी देणारं मिळतंय का ते बघायचं.

वच्छलाचा रक्तगटच जुळेना. सुंदरबाईचं सगळं जुळलं. ते ऐकून तिनं डॉक्टरांपुढं हात जोडले. डॉक्टर मात्र हातातल्या कागदाकडे न बघता तिच्याकडेच बघत होते.

"बाई, तुमचं वजन चौऱ्याण्णव किलो आहे. रक्तदाबही चढलेला. या अवस्थेत तुम्हाला भूल द्यायची म्हणजे तुमच्याच जिवाशी खेळ. वीस किलो उतरवा, मग टेबलावर घेऊ."

"मला काही झालं तर होऊ द्या," सुंदरबाई म्हणाली.

"तसं आम्हाला करता येत नाही."

घरी आल्या दिवसापासून तिनं खाणंच सोडलं. सकाळी पेलाभर दूध, संध्याकाळी एक केळ, बाकी दिवसभर पाणी. रुपचंद रागावला, त्यानं विनवण्या केल्या, ती ऐकेना. नळावर पाणी भरताना एक दिवस हंड्यासकट खाली कोसळली. सलाईन लावून दवाखान्यातून परत आणली आणि त्याच संध्याकाळी, काय झालं तिचं तिलाच कळलं नाही, चुलीशी उभ्या उभ्या तिनं पातेलंभर शेवभाजी आणि टोपलीतल्या सगळ्या भाकरी खाल्ल्या. खाऊन झाल्यावर तिथंच भिंतीला टेकून रडली. उतरलेलं वजन पंधरा दिवसांत परत आलं, वर दोन किलो घेऊन.

पुढच्या खेपेला मुंबईच्या डॉक्टरांनी तिला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई वयानं लहान होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला काय काय आवडतं?"

सुंदरबाईला वाटलं, ही आता एकेक काढून घेणार. तिनं पडेल आवाजात सांगितलं, "वरण-बट्टी. शेवभाजी. भरीत, वर शेंगदाण्याचं तेल. आखाजीला मांडे."

"हे सगळं खायचं," बाई म्हणाल्या. "फक्त मोजून. तुमच्या शरीराला दिवसाला चौदाशे कॅलरी द्यायच्या. त्यापेक्षा जास्त लागतील त्या ते साठवलेल्या चरबीतून काढून घेईल. एक चमचा तेल म्हणजे पंचेचाळीस. तुमची एक तुपात बुडवलेली बट्टी तीनशेला जाते. मग दोन भाकरी कमी करा, पण बट्टी खा. आवडतं ते तोडलंत तर पुन्हा पातेलं घेऊन बसाल."

सुंदरबाई चौथी शिकलेली. चौदाशे हा आकडा तिच्या डोक्यात मावेना. घरी येऊन तिनं तिचा मार्ग काढला. एक चिंचोका म्हणजे पन्नास. सकाळी वाटीत अठ्ठावीस चिंचोके टाकायचे. भाकरी खाल्ली की तीन बाहेर, चहाचा एक बाहेर, भाजीवर तेलाचा चमचा पडला की आणखी एक. वाटी रिकामी झाली की दिवस संपला, मग सूर्य डोक्यावर का असेना. पहिल्या आठवड्यात दुपारीच वाटी रिकामी व्हायची आणि ती रात्रीपर्यंत ताक पिऊन पडून राहायची. हळूहळू हात बसला. रविवारी बट्टी करायची ठरली की शनिवारपासूनच ती तेलाचा हात आखडता घ्यायची. अर्धी बट्टी, चमचाभर तूप, वाटीभर वरण. घास तोंडात घोळवत खायची. पूर्वी चार बट्ट्या कधी पोटात गेल्या ते कळायचं नाही. आता अर्धीचीही चव तासभर पुरायची.

वजन उतरायला लागलं, पण फार सावकाश. महिन्याला दोन किलो, कधी अडीच. तिला वाटायचं सुरी घेऊन मांस कापून काढावं. तिकडे अभिमन फेरीगणिक वाळत होता. मुंबईच्या बाईंना तिनं विचारलं, "थोडं जास्त कमी खाल्लं तर चालेल का? दहाच चिंचोके?"

"मागं काय झालं होतं ते आठवा," बाई म्हणाल्या. "हाच वेग बरोबर आहे. घाई केलीत तर सगळंच हातचं जाईल."

अभिमनचं पथ्य वेगळंच होतं. केळं बंद, वरण बंद, आंबा बंद, टोमॅटो बंद, पाणीसुद्धा मोजून. यातले क्षार रक्तात साचले तर हृदय थांबू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला मोजून खायलाही परवानगी नव्हती. सुंदरबाई भेटायला गेली की तो हसून म्हणायचा, "अक्का, तुले बठ्ठं खावाले सांगतस नि माले कायबी नही. तू खाय, मी दखस." आणि खरंच, ती जेवायला बसली की तो समोर पाट मांडून तिच्या ताटाकडे बघत बसायचा. ती हात आवरायला लागली की तो "खाय ना" म्हणायचा आणि ती खायची.

वच्छला हे सगळं चुलीपासून बघायची. तिच्या दृष्टीनं गोष्ट सोपी होती. भावासाठी वजन उतरवायचं तर उपास करायला हवा. देवाधर्माच्या बायका नऊ-नऊ दिवस पाण्यावर राहतात. ही तर बट्टी खाते, तूप खाते आणि म्हणते डॉक्टरांनी सांगितलं. कुठला डॉक्टर जाड माणसाला तूप सांगेल? ती शेजारणींशी बोलायची आणि ते बोलणं फिरत फिरत सुंदरबाईच्या कानावर यायचं.

नव्वदची आखाजी आली तेव्हा काट्यानं चौऱ्याहत्तर दाखवलं. मुंबईला बोलणं झालं. डॉक्टर म्हणाले, सण करून पंधरा दिवसांनी दोघं या, तारीख धरून ठेवतो. अंगावरचं लुगडं आता सुंदरबाईला दोन वेढे जास्त बसत होतं. या वर्षी अभिमन न्यायला येऊ शकला नाही, ती एकटीच सोनगीरला गेली. गाडीत एक म्हातारी तिच्या शेजारी येऊन बसली, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आपण जिंकलो.

सणाच्या दिवशी घरी खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. बाहेर निंबाला झोके बांधले होते, पोरी गात होत्या. सुंदरबाईनं सकाळपासून फक्त ताक घेतलं होतं. तिनं पाव मांडा घेतला आणि वाटीच्या तळाशी राहील एवढा रस. वच्छलाकडे पाहुण्या बायका आल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल असं वच्छला म्हणाली, "भाऊना जीव टांगेल शे, नि ह्या मांडा खायी राहिन्यात."

सुंदरबाईनं मान खाली घातली आणि ताटातलं संपवलं. टाकलं असतं तर तेही बोलणं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अभिमनची नाशिकची पाळी होती. सकाळी तो उठेना. हातापायांत जोर राहिला नव्हता, जीभ जड झाली होती. गावातल्या एकाची जीप घेऊन निघाले. मागच्या बाकावर अभिमनचं डोकं सुंदरबाईच्या मांडीवर, पायांशी वच्छला. मालेगाव मागं पडल्यावर वच्छलानं एकदम सुंदरबाईचा हात धरला आणि ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"अक्का, काल दुपारी त्यासनी रस मांगा. मी दिधा."

"किती?"

"दोन वाट्या. नंतर आणखी एक. वरीस व्हयनं, तोंड मारीसन बसेल व्हतात. आखाजीना दिन. मन्हाकडथून पाह्यलं गयं नही."

सुंदरबाईला तिचा राग आला नाही. तिनं फक्त ड्रायव्हरला जीप जोरात हाणायला सांगितलं.

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घाईघाईनं विचारलं, "काय खाल्लं यांनी?" वच्छला जमिनीकडे बघत उभी. क्षण जात होते. सुंदरबाई म्हणाली, "आंब्याचा रस. तीन वाट्या." डॉक्टर धावले. यंत्राची जोडणी होईपर्यंत अभिमनचं हृदय थांबलं होतं. वच्छलानं तेव्हा एकदाच सुंदरबाईकडे पाहिलं. त्या नजरेत दुःख होतंच, पण भीतीही होती. ही आता गावात काय सांगेल?

सुंदरबाईनं रुपचंदशिवाय कुणाला काही सांगितलं नाही. तेराव्याला सोनगीरला सगळी भावकी जमली होती. कुणीतरी म्हातारं म्हणालं, "बहीण किडनी देणार होती ना? मग उशीर कसा झाला?" वच्छला आतल्या दारात बसली होती. ती रडत रडत बोलायला लागली, "द्यायची होती, हो. पण वजन कमी कराले वरीस लावं. ह्या घास मोजत बसल्या नि तठे त्यासना जीव गया. मनापासून कराले पाहिजे व्हतं तर दोन महिन्यांत व्हयनं असतं. आखाजीले सुद्धा मांडा सोडा नही यासनी. विचारा ना, समोर शेतस त्या."

सगळ्यांच्या माना सुंदरबाईकडे वळल्या. रुपचंद तिच्या बाजूलाच होता, त्याला जीपमधलं सगळं ठाऊक होतं. तो उठायला लागला. तिनं त्याचं धोतर धरून खाली बसवलं. वच्छलाची मुलगी आईला चिकटून बसली होती, नऊ वर्षांची.

"हो," सुंदरबाई म्हणाली. "वेळ लागला."

परतताना एस.टी.त रुपचंद चिडून बोलला, "तोंडाला कुलूप का घातलंस? सगळं गाव तुझ्यावर थुंकलं."

"तिच्या परसात विहीर आहे," ती म्हणाली. "मी खरं बोलले असते तर ती उद्या तिच्यात सापडली असती. मग त्या पोरीला कोण बघणार होतं?"

सुंदरबाईच्या मनात दुसरंच चाललं होतं, आणि ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. वच्छला खोटं बोलली हे खरं. पण दहा चिंचोक्यांवर राहिले असते आणि कोसळले नसते, तर? रस खायची पाळी यायच्या आधीच तारीख मिळाली असती, तर? मुंबईच्या बाई नाही म्हणाल्या असत्या. पण त्यांचा भाऊ थोडाच गेला होता.

पुढच्या आखाजीला सोनगीरहून बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वजन मात्र परत आलं नाही. हाताला सवयच लागली होती, तेलाचा चमचा आपोआप आखडायचा. मेहरूणच्या बायका कौतुक करायच्या. एक सावकाराची सून, लेकीचं लग्न ठरेना म्हणून तिला घेऊन आली. "उपाशी न राहता एवढं कसं उतरवलंत? हिलाही शिकवा ना." सुंदरबाईनं शिकवलं. किती तेल, किती भाकरी, बट्टी आवडते तर कशी खायची, सगळं नीट सांगितलं. पोरगी सहा महिन्यांत बारीक झाली, तिचं लग्नही झालं. मग आणखी बायका यायला लागल्या. कुणाला ब्लाउज बसावा म्हणून, कुणाला नवऱ्यानं टोमणा मारला म्हणून. तुम्ही कशासाठी उतरवलंत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

भाचीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा दहा वर्षं उलटली होती. लग्न धुळ्याला होतं. रुपचंद नको म्हणाला, पण अभिमनची पोर म्हणून ती गेली. मांडवात वच्छला भेटली. केस पिकले होते, अंगानं भरली होती. तिनं सुंदरबाईचे पाय धरले, हाताला धरून पंगतीत बसवलं आणि नव्या विहिणीला हाक मारली.

"ह्या मुलीच्या आत्या," वच्छला शुद्ध भाषेत, हळू आवाजात विहिणीला म्हणाली. "मुलीच्या वडिलांना किडनी देणार होत्या. पण जमलं नाही त्यांना. जिभेवर ताबा राहिला नाही. जाऊ द्या, आम्ही मनात ठेवलं नाही काही."

सुंदरबाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वाटलं होतं, नजर चुकवेल. वच्छलानं नजर चुकवली नाही. तिच्या डोळ्यांत कसलंच कपट नव्हतं, उलट माया होती, माफ केल्याची. सुंदरबाईच्या लक्षात आलं की जीपमधली ती कबुली या बाईच्या मनातून केव्हाच पुसली गेली आहे. आता ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं. आणि खरं काय घडलं ते सांगायला जगात सुंदरबाई आणि रुपचंद सोडून कुणी उरलं नव्हतं.

वाढपी आला. ताटात दोन बट्ट्या पडल्या, वर तुपाची धार. विहीण बारीक नजरेनं बघत होती, ही बाई आता किती खाते ते. सुंदरबाईनं दोन्ही बट्ट्या खाल्ल्या, ताट स्वच्छ केलं, हात धुतले, भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं जळगावला निघून आली.