तीन हाका

वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीच्या दाव्यासाठी मी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले होते. त्याच बाकाच्या दोन टोकांना एक बहीण आणि भाऊ होते, मध्ये मी. भाड्याच्या दोन खोल्या वाचवायला त्यांच्या वडिलांनी दावा लावला आणि निकालाआधीच ते गेले. आता खोल्यांवर हक्क कोणाचा, यावरून दोघांचं बोलणं बंद. हे मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं आणि कुजबुजत.

शिपायाने दारात येऊन पुकारा केला, "वामन केशव ठोसर!" कागदावर अजून वडिलांचंच नाव होतं.

माणूस गेला की त्याचं नाव विजेच्या बिलावर राहतं, दारावरच्या पाटीवर राहतं. पण त्या नावाने हाक कोणी मारत नाही. कोर्ट मात्र तीनदा मारतं, तीही खणखणीत, जणू माणूस जिन्यातच कुठेतरी रेंगाळलाय.

दुसऱ्या हाकेला बहिणीने पदर डोळ्यांना लावला. भाऊ स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

"वामन केशव ठोसर! अहो, त्यांचं कोणी आहे का इथे?" शिपाई वैतागला.

दोघं एकदमच उठले आणि दोघंही म्हणाले, "मी आहे."