आबांनी नाकारलेलं पान

आमच्या घरी जमीन अजिबात नव्हती असं नाही. मोशीच्या शिवारात, इंद्रायणीच्या बाजूला नव्हे तर माळाच्या अंगाला, आजोबांनी दगड वेचून वेचून केलेला एक तुकडा होता. त्यात हुलगे यायचे, आले तर. त्यामुळं माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, गावातल्या एका बागायतदाराकडं सालगडी म्हणून राहिले होते. सालानं राहणं म्हणजे पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत त्या माणसाचं होऊन जाणं. बैल त्याचे, मोट त्याची, राखण त्याची आणि आबाही त्याचेच. घरी यायचे ते जेवायला, आणि पुष्कळदा तेवढंही जमायचं नाही. मग आई भाकरी घेऊन मळ्यात जायची.

आई रोजानं खुरपायला जायची. कांद्याचे दिवस आले की चाकणच्या बाजारात कांदे निवडायला. गावातल्या बायका मिळून बैलगाडीत बसून जायच्या. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिच्या लुगड्याला, केसांना, बोटांना कांद्याचा वास असायचा. त्याच बोटांनी ती मला घास भरवायची. मला अजून कच्चा कांदा खाववत नाही. लोक हसतात. हसू देत.

सालगड्याच्या जगात एक रीत होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पाडवा जवळ आला की मालक एक दिवस गोठ्यात यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि चंचीतून पान काढून गड्यापुढं धरायचा. गड्यानं पान घेतलं की पुढचं साल ठरलं. लिहिणं नाही, साक्षीदार नाही. पान पुढं आलंच नाही तर गड्यानं पाडव्याच्या आदल्या दिवशी आपली घोंगडी खांद्यावर टाकायची आणि निघायचं. ‘मालक, मला ठेवताय का?’ असं तोंडानं विचारणं म्हणजे स्वतःची इज्जत स्वतः घालवणं. आणि एकदा पान दिल्यावर, ‘नक्की ना मालक?’ म्हणणं म्हणजे मालकाची इज्जत घालवणं. माझ्या वडिलांनी आयुष्यात यातलं काहीही केलं नाही. याचा त्यांना फार अभिमान होता. गरिबाजवळ अभिमानाला जागा थोडी असते, पण होती तेवढी आबांनी झाडूनपुसून ठेवली होती.

मी शिकलो. कसा शिकलो ते सांगत बसत नाही. पुण्यातल्या एका बोर्डिंगात फुकट राहिलो, तिथंच पंगतीला वाढलो, वाढता वाढता गणित केलं. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेला मी पहिला. एम.ए. झालो तेव्हा गावात कुणाला नीट कळलं नाही की मी नेमकं काय झालो, पण मारुतीच्या पारावरची म्हातारी माणसं मला ‘या’ म्हणायला लागली.

त्याच वर्षी पुण्यातल्या एका कॉलेजात मी गणिताचा व्याख्याता लागलो. हंगामी. मोशीहून सायकलनं भोसरीवरून दापोडीला यायचं, स्टेशनाजवळच्या पंक्चरवाल्याकडं सायकल ठेवायची, शिवाजीनगरपर्यंत गाडीनं जायचं. अंगात माझा एकुलता एक कोट. दापोडीपर्यंत त्याची घडी कॅरिअरला बांधलेली असायची, घामानं खराब होऊ नये म्हणून.

हंगामी म्हणजे काय हे मी नोकरी लागल्यावर शिकलो. जूनमध्ये घ्यायचं, एप्रिलमध्ये सोडायचं. सुट्टीचा पगार नाही. जूनमध्ये पुन्हा नव्यानं घ्यायचं किंवा नाही घ्यायचं. कायम व्हायचं तर सलग दोन वर्षं नोकरी हवी, असा नियम होता. आणि दर उन्हाळ्यात सोडून देत असल्यामुळं सलग दोन वर्षं कुणाची व्हायचीच नाहीत. आमच्याच विभागात एक जण असा होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, टक्कल पडत चाललेला, तोंडानं फटकळ. तो म्हणायचा, ‘‘आपण कैऱ्यांसारखे हो. आंबे पिकायच्या आत उतरवतात.’’

तरीही मी खूश होतो. फळ्यासमोर उभं राहिलं की मला कसलीच कमी वाटत नसे.

मार्चमध्ये, परीक्षांची धांदल सुरू व्हायच्या आधी, प्रिन्सिपलसाहेबांनी मला बोलावलं. मुलं माझ्या तासाला बसतात, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं. कपबशीतून, साहेबांच्या बरोबरीनं बसून मी चहा प्यालो. उठताना ते म्हणाले, ‘‘चांगलं चाललंय तुमचं. जूनमध्ये भेटूच.’’

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. आबा जेवत होते. घास हातातच राहिला.

‘‘चहा पाजला?’’

‘‘हो.’’

‘‘सोताच्या समोर बसवून?’’

‘‘हो आबा.’’

‘‘आन म्हनला, जूनात भेटू?’’

‘‘तसंच म्हणाले.’’

आबा आईकडं वळले. ‘‘ऐकलंस का? पान दिलं त्येला. साल ठरलं.’’

मलाही ते पटलं. एम.ए. झालो तरी मी त्याच घरातला होतो. समोर बसवून चहा द्यायचा आणि भेटू म्हणायचं, याचा दुसरा काय अर्थ होतो, असंच मला वाटलं.

मग पाडव्याचा आदला दिवस आला. मी रविवारची सुट्टी म्हणून घरी होतो आणि बैलांची वैरण टाकायला आबांबरोबर मळ्यात गेलो होतो. मालक दोघातिघा माणसांसह गोठ्याशी आला, नेहमीसारखं पावसापाण्याचं बोलला आणि चंची सोडून पान पुढं धरलं. आबांनी हात जोडले.

‘‘मालक, यंदा न्हाई घेत पान.’’

मालकाला वाटलं, सालाचं धान्य वाढवून हवं असेल. ‘‘का रं? दुसरीकडं बोलनं झालं व्हय?’’

‘‘न्हाई जी. पोरगं कालेजात लागलंय. म्हनतंय, आबा आता बास करा.’’

मी असं म्हटलं नव्हतं. म्हणायचं मनात होतं, ते आबांनी आधीच ओळखलं होतं.

बरोबरचा एक जण हसला. ‘‘मग पोराचा मालक पाडव्याला काय देतो म्हनायचा? पानच का?’’

‘‘चहा देतो,’’ आबा म्हणाले. ‘‘खुर्चीत बसवून.’’

सगळे हसले. मालकही हसला, पण वाईट हसला नाही. म्हणाला, ‘‘ब्येस झालं गड्या. सुखानं ऱ्हा.’’ आबांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, खुंटीवरची घोंगडी काढली आणि माझ्यापुढं चालायला लागले. इतकं ताठ चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात एकदा त्यांनी पान नाकारलं. नाकारणारा माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. माझ्यासाठी हा माझ्या पदवीदानापेक्षा मोठा दिवस होता.

एप्रिलमध्ये नेमणूक संपली. निघताना आमचा तो फटकळ सहकारी म्हणाला, ‘‘मे महिन्यात जाहिरात येईल. अर्ज टाका. साहेब काही बोलले असतील-नसतील, तरी टाका.’’

मी घरी विचारलं. आबा रागावले नाहीत, पण त्यांना ते रुचलं नाही. ‘‘शब्द दिल्यावर फिरून अर्ज? म्हंजी तुझा त्येंच्यावर भरवसा न्हाई, असंच की. उद्या त्यो म्हनंल, मी याला चहा पाजला आन ह्यो दारात पाटी घेऊन हुबा.’’ मी अर्ज केला नाही. साहेबांचा अपमान होऊ नये म्हणून केला नाही. हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या दिवशी मी कोट घालून गेलो. माझ्या तासाला माझ्या जागी दुसराच एक तरुण व्याख्याता फळा पुसत होता. तो मला पाहून ‘कोण पाहिजे?’ म्हणाला. मी प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीकडं वळलो.

प्रिन्सिपलसाहेब मला पाहून उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ‘‘अहो, तुमचा अर्जच आला नाही! मी कमिटीला दोनदा म्हटलं, थांबा, त्यांचा येईल. मला वाटलं, तुम्हाला कुठं कायमची जागा मिळाली.’’

‘‘तुम्ही भेटू म्हणाला होता,’’ मी म्हणालो.

त्यांना कळेना. ‘‘म्हटलं असेन की. पण अर्जाशिवाय मी घेणार कसा? नियम आहे तो. एक ओळ टाकायची होतीत हो, एक ओळ.’’ आणि त्यांनी बेल वाजवून चहा मागवला. मी तो प्यालो नाही.

घरी गेलो तेव्हा आबा अंगणात माझी वाट पाहत बसले होते. मी सगळं सांगितलं.  आबा हळूच म्हणाले, ‘‘पर चहा पाजला व्हता ना?’’ मला विचारत नव्हते. स्वतःशीच बोलत होते. आई म्हणाली, ‘‘मालकाकडं जाऊन बघा की.’’ आबांनी तिच्याकडं असं पाहिलं की ती चुलीकडं वळली. मालकानं दुसरा गडी ठेवलेला होता, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं निघाली होती. आबा तिथं बिगारीनं जायला लागले. कामाची तिथली रीत वेगळी. सकाळी फाटकासमोर सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. मुकादम पुढून चालत यायचा आणि बोट दाखवील तो आत. रोजचं साल रोज ठरायचं. ज्या माणसानं जन्मात कुणाला ‘ठेवताय का?’ विचारलं नाही, तो रोज सकाळी तोंड वर करून उभा राहायचा, मुकादमाला आपण दिसावं म्हणून. मी एकदा दुरून पाहिलं. तरुण पोरं छाती काढून पुढं होत होती, आणि आबा टाचा उंचावून त्यांच्या खांद्यांवरून बघत होते. मी तिथं थांबलो नाही.

मला चिंचवडच्या एका शाळेत बदलीचं काम मिळालं. पुढच्या वर्षी मी पाच-सहा कॉलेजांना अर्ज केले. एका ठिकाणी लागलो, पुन्हा हंगामीच. मग दर एप्रिलला घरी, दर मे महिन्यात अर्ज, दर जूनला कोट. एका मे महिन्यात मी आबांना म्हणालो, तुम्ही घरी बसा, मी जातो रांगेत. त्यांचा हात उठला. मारला नाही, पण उठला. ‘‘एम.ए. हाईस तू! तुला मुकादमापुढं हुबं करायला म्या मोट हाकली व्हय?’’

पूर्वी मी कॉलेजातून आलो की ते खोदून खोदून विचारायचे, साहेब काय बोलला, कसा बोलला. त्या जूननंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. मी आपणहून काही सांगायला लागलो की ‘बरं बरं’ म्हणून ऐकून घ्यायचे. माझं बोलणं त्यांना आवडायचं नाही असं नव्हे. आपल्याला यातलं काही कळत नाही, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. एवढा जाणता माणूस! शेताचा बांध बघून सांगायचा, इथं पाणी तुंबणार. मला या गोष्टीचं जितकं दुःख आहे तितकं नोकरी गेल्याचं नाही.

सिमेंटच्या धुळीनं त्यांना खोकला लागला. तशातही जायचे. एका भाद्रपदात रांगेतच खाली बसले. बरोबरच्या दोघांनी एका ट्रकमध्ये घालून घरी आणून सोडलं. महिनाभर अंथरुणाला होते. आई त्यांच्या छातीला तेल चोळायची. शेवटच्या दिवसांत भेटायला त्यांचा जुना मालक आला, खाली घोंगडीवर बसला, आबांचा हात हातात घेऊन म्हणाला, ‘‘गड्या, पान घ्यायचं व्हतंस त्या साली.’’

आबा खोकत म्हणाले, ‘‘न्हाई मालक. त्येवढं बरं केलं म्या.’’

मालक गेल्यावर मी त्यांच्या उशाशी बसलो. म्हणालो, आबा, चूक माझी, मी अर्ज टाकायला हवा होता. त्यांनी मान हलवली. ‘‘चूक कुनाचीच न्हाई. त्येंची रीत त्येंना म्हाईत, आपली आपल्याला.’’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘तू त्येंची शीक.’’ दसऱ्याच्या आधी ते गेले.

मी त्यांची रीत शिकलो. वेळेवर अर्ज केले, ज्याला भेटायचं त्याला भेटलो, तोंडानं विचारायलाही शिकलो. विचारताना प्रत्येक वेळी कानशिलं तापायची, अजूनही तापतात. पुढच्या पावसाळ्यात माझ्या कॉलेजातले गणिताचे जुने प्राध्यापक निवृत्त झाले आणि त्या जागेवर मला घेतलं. ही जागा हंगामी नव्हती. सलग दोन वर्षं माझं काम पाहिलं आणि मला कायम केलं.

आईला मी दापोडीत दोन खोल्या घेऊन आणलं. ती पुन्हा कांदे निवडायला गेली नाही. त्या जागेवर मला पहिल्यांदा मे महिन्याच्या सुट्टीचा पगार मिळाला.