फळा संपला तिथं ओळ मोडली

हादरलोय, मंडळी!

लातुरात क्लासमध्ये जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकवतो. काल फळ्यावर बेरजेचा प्रोग्राम लिहिताना उत्तर परत देणाऱ्या 'रिटर्न' या शब्दापाशीच फळा संपला, म्हणून बाकीचं खालच्या ओळीवर घेतलं.

आज पोरांनी तोच संगणकावर उतरवला. एकाचंही उत्तर येईना! सगळ्यांनी रिटर्ननंतर ओळ मोडलेली. तिथं ओळ मोडली की जावास्क्रिप्ट पुढचं घेतच नाही.

"अगं, ओळ का मोडलीस?" मी वैष्णवीला विचारलं.

"तुमीच मोडली व्हती की, सर. समदं पाठ हाय."

"अन् उत्तर?"

"ते न्हाई आलं. पण एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई बघा!"

तावातावानं क्लासच्या संचालकांकडं गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "एवढंच ना? मोठा फळा मागवतो."

सांगा, आता डोकं कुठं आपटू? जुन्या फळ्यावर, की नव्या?